जावयाला ग्रुपमधून काढायचं कोणी?

कोर्टाचा हुकूम हातात आला त्या दिवशी मी पहिलं काम काय केलं असेल, तर त्याचं लॅमिनेशन. माझ्याच मशीनवर. शेणव्याच्या पुढे, रस्त्याकडेच्या एका गाळ्यात मी सरकारी दाखल्यांचं केंद्र चालवते. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, सातबारा, आधारवरचा पत्ता बदलणं. अख्ख्या पट्ट्यातल्या लोकांचे कागद प्लास्टिकमध्ये घालून देणं हा माझा रोजचा उद्योग, आणि स्वतःचा असा कागद आयुष्यात पहिल्यांदाच मिळाला होता. म्हटलं, हा भिजायला नको.

हुकूम सोपा होता. घटस्फोटाचा दावा अजून चालू होता, म्हणजे कायद्याने तो माणूस माझा नवरा होता, पण तोवर त्याने माझ्या राहत्या घरी यायचं नाही, कामाच्या जागी यायचं नाही आणि फोनने, मेसेजने किंवा दुसऱ्या कोणामार्फत माझ्याशी बोलायचं नाही. खाली सही आणि गोल शिक्का.

आईने तो कागद हातात घेऊन उलटसुलट पाहिला. तिला सहीपुरतं लिहिता येतं. वाचायला बसली तर एका ओळीला चहा गार होतो.

"ह्याने तो येयाचा नाय?" तिने विचारलं.

"नाही यायचा."

"नीट ठेवू?"

मी हो म्हटलं, कारण मला वाटलं ती कपाटात ठेवेल. तिने तो बाबांच्या फोटोखालच्या खिळ्याला टांगला आणि दसऱ्याला कोयत्याला लावतात तसं त्याला हळदकुंकू लावलं. प्लास्टिकवर कुंकू टिकेना, तेव्हा बोट तेलात बुडवून परत लावलं, अगदी गोल शिक्क्याच्या मधोमध. आमच्या तालुक्यात ज्याची पूजा होते असा तो एकमेव न्यायालयीन आदेश असावा.

हा हुकूम का लागला ते एकदाच सांगते. त्याच्या घरचा ढाबा आहे, टोकावड्याच्या पुढे, माळशेजच्या रस्त्यावर. तीन वर्षं मी तिथे नांदले. तो दारू पीत नाही, शिव्या देत नाही, आवाज चढवत नाही. सगळं हळू आवाजात. एका दुपारी माझ्या मोबाइलमध्ये नोकरीची जाहिरात सापडली म्हणून त्याने कोठीच्या खोलीच्या लोखंडी दाराशी माझा डावा हात धरला, अंगठ्याशेजारचं बोट चौकटीत ठेवलं आणि दार लावलं. आपटलं नाही. लावलं, घाई न करता. डॉक्टरला त्यानेच सांगितलं की बायको जरा वेंधळी आहे. ते बोट आता वाकत नाही. मी नऊ बोटांनी टाइप करते आणि गावातल्या दहा बोटांच्या माणसांपेक्षा भराभर करते.

तर हुकूम झाला आणि आमचे हे साळसूद गृहस्थ कामाला लागले. कायदा मोडायचा तोही नमस्कार करून, अशी त्यांची पद्धत.

सुरुवात झाली आमच्या घरच्या ग्रुपपासून. ग्रुपचं नाव 'आपलं घर'. चुलते ॲडमिन, बाकी भाऊबंद, आत्या, मावश्या, त्यांचे जावई, असे चाळीसेक जण. त्यात हा लग्नापासून होता. रोज सकाळी सहा वाजता याचा गुलाब यायचा, गुलाबावर देव, देवाखाली सुविचार. हुकूम लागल्यापासून सुविचारांचा रोख बदलला. 'राग घर मोडतो, क्षमा घर जोडते.' 'स्त्री ही घराची लक्ष्मी, लक्ष्मी कोर्टात शोभत नाही.' आणि त्याखाली माझ्या सख्ख्या नातेवाइकांचे जोडलेले हात, ओळीने, शाळेतल्या प्रार्थनेसारखे.

मी चुलत्यांकडे गेले. त्यांचं घर आमच्या शेजारीच, मध्ये फक्त पडवीची भिंत.

"काका, त्याला ग्रुपमधून काढा. हा पण संपर्कच आहे."

काकांनी चष्मा कपाळावर ढकलला. "अगो, जावई हाय तो. जावयाला ग्रुपमधून काढायचा कसा? लोक काय बोलतील?"

"लोक म्हणजे कोण?"

"ग्रुपमधले."

"ग्रुपमधले म्हणजे तुम्हीच ना?"

त्यावर त्यांनी बराच विचार केला आणि तोडगा काढला. "तुला तरास होतंय तर तू बाहेर पड ना. आमी काय बोलनार नाय."

मी बाहेर पडले. अशा रीतीने 'आपलं घर' मध्ये घरची मुलगी राहिली नाही आणि जावई राहिला. चार दिवसांनी एका मावशीचा फोन आला, तू रुसलीस का म्हणून.

मग तो केंद्रावर आला. साधी, उजेडाची, बाजाराच्या दिवसाची वेळ. बाकावर पाच-सहा माणसं, दाराशी दोघी कातकरी बाया रेशनकार्डाची झेरॉक्स घेऊन उभ्या. मी मान वर केली तर हा रांगेत. चौथा. हातात पिशवी, चेहऱ्यावर असं हसू की पुढच्या म्हाताऱ्याने त्याला स्वतःहून नंबर देऊ केला. याने नको म्हटलं. नियमाने चालणारा माणूस.

"मॅडम, सातबारा पायजे होता," नंबर आल्यावर तो म्हणाला.

मुरबाड तालुक्यातला सातबारा. मुरबाडला अशी केंद्रं हवी तेवढी असताना हा माणूस दोन एस्ट्या बदलून माझ्याकडे आला होता. माझे हात कीबोर्डवरच होते. त्याने बघितलं कुठे, तर त्या बोटाकडे. मग माझ्याकडे बघून पुन्हा हसला. मी भ्याले, आणि त्याचवेळी अंगाचा तिळपापड झाला. दोन्ही एकदम होऊ शकतं हे मला तेव्हा कळलं.

"तुम्हाला इथे यायला कोर्टाने बंदी केलीय. बाहेर व्हा," मी मोठ्याने म्हटलं.

बाकावरच्या माना माझ्याकडे वळल्या. मग तोच म्हातारा म्हणाला, "देऊन टाक ना बाय, लांबशी आलाय बिचारा."

मी केंद्र बंद केलं, घरी जाऊन खिळ्यावरचा हुकूम काढून घेतला आणि चौकी गाठली. हवालदार भले होते. त्यांनी मला खुर्ची दिली, पंखा माझ्याकडे वळवला.

"हात लावला का, ताई?"

"नाही."

"शिवी दिली?"

"नाही."

"मग काय केलं?"

"सातबारा मागितला."

हवालदारांनी पेन खाली ठेवलं. त्यांना हसू आवरत नव्हतं, पण चांगल्या घरचे असल्याने त्यांनी ते खोकल्यात घातलं. मी हुकूम पुढे केला. त्यांनी सगळा वाचला, लॅमिनेशन छान केलंय म्हणाले, आणि वहीत दोन ओळी लिहून मला एक पावती दिली. त्या पावतीचं मी लॅमिनेशन केलं नाही.

माझ्या वकील मॅडम म्हणजे एक वेगळंच प्रकरण. कधी खाली बसत नाहीत, पर्समधून गूळ-शेंगदाणे काढून खात उभ्याउभ्याच बोलतात. पावती बघून त्या म्हणाल्या, "अशी दोन ओळींची पावती काय कामाची? बंदी मोडणं हाच गुन्हा आहे. मारायलाच लागतं असं थोडंच. पण सांगणारा कोणी पाहिजे. रांगेतल्या कोणाला बोलायला लाव."

रांगेतल्या कोणालाच काही आठवेना. म्हातारा म्हणाला, "मला डोळ्याने कमी दिसतंय." त्याचा डोळ्यांचा दाखला मीच काढून दिला होता. त्यात दोन्ही डोळे उत्तम होते.

त्या पावसाळ्यात अधिक महिना आला. अधिक श्रावण. आमच्याकडे त्याला धोंड्याचा महिना म्हणतात. तीन वर्षांतून एकदा येतो आणि त्या महिन्यात जावई म्हणजे साक्षात नारायण. त्याला घरी बोलवायचं, पाटावर बसवायचं, ओवाळायचं, पुरण भरलेले धोंडे खाऊ घालायचे आणि वाण देऊन पाठवायचं. एरवी जो माणूस सासुरवाडीला फुकटचा चहा पितो, त्याला त्या महिन्यात तूप वाढून प्यायला सांगतात.

माझ्या लग्नानंतरचा पहिला अधिक कोरोनाच्या साथीत आला होता. कोणी कोणाच्या दारात जात नव्हतं. आईचं वाण राहून गेलं. तिच्या जिवाला ते लागून राहिलं होतं. माझं बोट मोडल्यावर दवाखान्यात सुद्धा ती एकदा म्हणाली होती, वाण राहिलं म्हणून असं झालं असंल का गो? मी तेव्हा तिला तोडून बोलले होते. त्याच्या ढाब्यावर हे बोलणं कोणी नेलं देव जाणे, पण नेलं. कारण तो आला तोच मुळी त्याच वाक्यावर स्वार होऊन.

भाताची आवणी चालू होती. सगळं गाव खाचरात वाकलेलं. मी केंद्रावर. आई एकटी घरी, कारण तिचे गुडघे आता चिखलात उभे राहत नाहीत. हा मोटरसायकलवरून आला, पांढरा इस्त्रीचा शर्ट, पायाला चिखलाचा ठिपका नाही. त्या दिवशी अख्ख्या शिवारात स्वच्छ पायांचा माणूस तो एकच. बांधावरून जाताना पंधरा माणसांनी त्याला हात केला, या जावई, बसा जावई, असं झालं. पुढे पोलिस विचारायला आले तेव्हा त्यातल्या एकानेही त्याला बघितलं नव्हतं. आवणी करताना मान खालीच असते, असं सगळ्यांनी वेगवेगळं पण एकाच शब्दात सांगितलं.

दारात उभा राहून तो आईला म्हणाला, "आई, माझं वाण राहिलंय."

आणि माझ्या आईने, जिने त्या हुकमाला तेलात बोट बुडवून कुंकू लावलं होतं, तिने चूल पेटवली.

हे मला कसं कळलं? काकांकडून. त्याच दिवशी दुपारी ते चिखलाच्या पायांनी केंद्रावर आले, मोबाइल पुढे धरून, चेहऱ्यावर समाधान. "बघ गो, बघ. जावयाने किती मोठं मन केलं. नि तू कोर्टात जातेस."

ग्रुपवर फोटो होता. त्यानेच काढलेला, त्यानेच टाकलेला. कपाळाला कुंकवाचा टिळा, पुढ्यात ताट, ताटात धोंडे, शेजारी माझी आई पदर सावरून घाबरलेल्या चेहऱ्याने. खाली लिहिलेलं, 'सासूबाईंच्या हातचे धोंडे. अधिक मासाचा मान.' त्याखाली चौतीस जोडलेले हात.

मी फोटो मोठा केला. त्याच्या डोक्यामागे बाबांचा फोटो दिसत होता. बाबांच्या खाली, खिळ्याला, माझा हुकूम. लॅमिनेशनवर उजेड पडून चमकत होता, पण शिक्का वाचता येत होता. कुंकवासकट.

मी काकांच्या हातातून मोबाइल घेतला आणि तो फोटो स्वतःला पाठवला. काकांना वाटलं, मला भरून आलं.

वकील मॅडम तो फोटो बघून पहिल्यांदा खाली बसल्या. "अगं, या माणसाने आपला पंचनामा स्वतःच करून दिला," त्या म्हणाल्या, आणि मला शेंगदाणे देऊ केले. या वेळी चौकीत हसण्याचं काम उरलं नाही. गुन्हा नोंदला, त्याला उचलला, दोन दिवस आत राहून तो जामिनावर सुटला. सुटल्याबरोबर ग्रुपवर सत्याचा विजय होतो असा सुविचार, तोही काकांनीच आणून दाखवला. जोडलेले हात तेवढेच, एकही कमी नाही.

पण मॅडमनी तेव्हाच सांगितलं होतं, फोटो दुधारी आहे. त्याचा वकील म्हणणार, घरच्यांनी बोलावला, ओवाळला, जेवू घातला, यात बंदी कसली नि भीती कसली? आणि खटला उडाला तर तुझा तो हुकूम भिंतीवर टांगायच्याच लायकीचा राहील, तो रोज रांगेत उभा राहील. तेव्हा तो न बोलावता आला आणि घरात काय बोलला, हे एकच माणूस सांगू शकतं.

ते माणूस काही बोलत नव्हतं.

"आई, तो काय बोलला?"

"काय नाय. जेवला नि गेला."

"नुसता जेवला?"

"नुसता जेवला. डबा नेला." डबा म्हणजे बाबांचं नाव कोरलेला आमचा मोठा स्टीलचा डबा. तिने तो धोंड्यांनी भरून त्याला दिला होता.

मी चिडले. इतकी चिडले की महिनाभर मी तिच्याशी कामापुरतं बोलले. माझं बोट ज्याने दारात घातलं त्याला तू डबे भरून देतेस, असं मी तिला म्हटलं. तिने ऐकून घेतलं. मात्र दुसऱ्या दिवसापासून ती माझ्याबरोबर केंद्रावर यायला लागली. दुखऱ्या गुडघ्यांनी, दोन किलोमीटर, जाता-येता. दिवसभर दाराशी बाकावर बसायची. रांगेत पुरुष उभा राहिला की उठून माझ्या टेबलाशी यायची. मला ते लाजिरवाणं वाटे. लोक विचारत, आई का आणलीस, तर मी सांगायची, तिला घरी करमत नाही. रात्री जेवताना ती माझ्या हातांकडे बघत बसायची. मी हात ताटाखाली घ्यायची. मला वाटायचं, तिला त्या बोटाची लाज वाटते.

काकांनीही आपलं कर्तव्य बजावलं. "वैनी, अधिकात ज्याला ओवाळला त्याच्यावर कोर्टात बोट दाखवायचं नाय. दोष लागतंय." आईने मान हलवली. हो की नाही ते मला कळलं नाही.

तारखा पडत गेल्या. एकदा न्यायाधीश साहेब रजेवर, एकदा त्याचा वकील आजारी, एकदा वीज नाही. तिच्या साक्षीची तारीख लागली तेव्हा धोंडे खाऊन वर्ष झालं होतं. त्या सकाळी आईने लग्नात नेसतात ते लुगडं नेसलं. मी वाटेत काही विचारलं नाही. मला खात्री होती की ती पिंजऱ्यात उभी राहून 'जेवला नि गेला' एवढंच सांगणार, आणि खटला उडणार.

तो समोरच होता, पांढऱ्या शर्टात, हात जोडून. आईला त्याने मान लववून नमस्कार सुद्धा केला.

सरकारी वकिलांचे प्रश्न नाव, नातं, तारीख यांतच संपले, मग त्याच्या वकिलाने मजेत सुरुवात केली. "आजी, जावयाला तुम्ही ओवाळलंत?"

"व्हय."

"पाट मांडलात?"

"मांडला."

"म्हणजे बोलावलंत."

"बोलवला नाय. आला. दारात आलेल्याला पाट देतात, साहेब. तुमी आलात तर तुमाला पण दीन."

न्यायाधीश साहेबांनी खाली बघून काहीतरी लिहिलं.

"धोंडे किती खाल्ले त्यांनी?"

"सात."

कोर्टात हशा झाला. वकिलालाही बरं वाटलं. "म्हणजे ज्या माणसाची तुमच्या मुलीला भीती वाटते, त्याला तुम्ही सात धोंडे खाऊ घातलेत. आणि तो काही वावगं बोललाच नाही. बरोबर?"

आईने पदर सावरला. मी डोळे मिटले.

"बोलला," आई म्हणाली.

"काय बोलले?" आता साहेबांनी विचारलं.

आईने दोन्ही हात वर केले, लहान मुलं दहा दाखवतात तसे. मग डाव्या हाताचं अंगठ्याजवळचं बोट दुमडलं.

"बोलला, आई, धोंडे झकास झाले. पोरीला सांगा, केस मागे घे. बोलला, अजून नव हायत."

हशा कुठल्या कुठे गेला. आईने हात खाली घेतले नाहीत. तशीच उभी राहिली, एक बोट मिटून.

मला ते पहिल्यांदाच कळत होतं. बाकावर बसून ती वर्षभर काय राखत होती ते कळलं, आणि मी ताटाखाली हात लपवत होते त्याची मला इतकी शरम वाटली की तिथेच रडू फुटलं. मॅडमनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्या हातात शेंगदाणे होते.

त्याचा वकील सावरला. "हे बोलल्यावर तुम्ही त्यांना हाकलून दिलंत?"

"नाय," आई म्हणाली. "तवा मी त्याला डबा भरून दिला. बोलल्यावर. जावई रिकाम्या हाताने जाऊ नये म्हनून. भीती वाटत होती, तरी भरला. नि पोरीला सांगितला नाय, ती केस मागे घेल म्हनून. ते माजा चुकला, साहेब. ते पण लिवा."

साहेबांनी लिहिलं. मग आईने पुढे विचारलं, "नि माजा डबा परत देयाला सांगाल? त्यावर आमच्या मालकांचा नाव हाय."

पुढे निकाल लागला, त्याला शिक्षा झाली, त्याने अपील केलं, ते सगळं कोर्टाच्या चालीने चालू आहे. डबा अजून आलेला नाही. पण त्या दिवसाचं अजून थोडं राहिलंय.

एस्टीत आईने माझा डावा हात स्वतःच्या मांडीवर घेऊन धरला होता. मी तिला म्हटलं, "आधी का नाही सांगितलंस?" ती म्हणाली, "तू भ्याली असतीस." मी म्हटलं, मी भ्यालेलीच होते. तिने हात आणखी घट्ट धरला. तो शेणव्यापर्यंत सोडला नाही.

घरी पोचलो तेव्हा अजून उजेड होता. काका ओटीवर मोबाइल घेऊन बसलेले, बातमी आमच्या आधीच पोचलेली.

"वैनी, हे काय केलंस? जावयाला भर कोर्टात..."

"कोन जावई?" आई म्हणाली.

ती ओटी चढली. गुडघ्यावर हात टेकत एक-एक पायरी. काकांच्या समोर उभी राहिली आणि तिने त्यांच्या हातातून मोबाइल काढून घेतला. माझ्या आईने धाकट्या का होईना, पण दिराच्या हातातली वस्तू अशी कधीच घेतली नव्हती. काकांचा हात तसाच हवेत राहिला.

मोबाइल तिने माझ्यापुढे धरला. "मला कळत नाय ह्यातला. तू काढ त्याला."

"वैनी, लोक..." काका म्हणाले.

"लोकांना सांग, हिच्या आयशीने काढला."

मी ग्रुप उघडला. यादीत त्याचं नाव शोधलं, सकाळचा गुलाब ओलांडून. बाकीची बोटं मिटून मी ते न वाकणारं बोट पुढे केलं आणि दाबलं.

मग आईने काकांना मोबाइल परत दिला आणि सांगितलं, "आता हिला आत घे."